लालावर हळद, हिरव्यावर कुंकू

त्या माणसाच्या हाताची बोटं शाबूत राहिली, हे मला आजही खुपतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की बाई, इतकी वर्षं झाली, आता सोडून द्या. नाही सोडत. माझ्या मायची तीन बोटं गेली. वर त्या माणसानं तिचे डोळेही नेले, आणि ते असे नेले की डोळे जागच्या जागी होते, फक्त तिचा त्यांच्यावरचा भरवसा गेला.

गोष्ट तुमसरची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही मायलेकी एकाच राईस मिलमध्ये कामाला होतो. मी बाहेर पटांगणात. उकडलेलं धान उन्हात पसरायचं आणि पायानं ओळी पाडत दिवसभर फिरवत राहायचं. माय आत, एलिवेटरच्या खड्ड्यात. एलिवेटर म्हणजे पत्र्याच्या उंच खोक्यात फिरणारा पट्टा आणि त्याला ठोकलेल्या लोखंडी वाट्या. खाली पडलेलं धान त्या वाट्या भरभरून वर नेतात. धानासोबत तणस येते, सुतळीचे तुकडे येतात, ते पट्ट्यात गुंततात आणि पट्टा जागच्या जागी अडून बसतो. मग खड्ड्यातल्या बाईनं खालची झडप उघडायची आणि हात घालून कचरा ओढून काढायचा.

पट्टा अडला म्हणजे मोटर बंद झाली असं मात्र नसतं. मोटर वर फिरतच असते, चाक नुसतं घसरत असतं. अशा वेळी कचरा ओढला की पट्टा एकदम पकडतो आणि धावतो. म्हणून आधी करंट काढायला पाहिजे. करंट काढणारा खटकेवाला भिंतीवरच्या पॅनेलपाशी बसलेला, माय खाली खड्ड्यात, आणि मिलचा आवाज असा की शेजारची बाई ओरडली तरी नुसतं तोंड हललेलं दिसायचं. मायनं हात वर करून खूण करायची, त्यानं खटका पाडायचा. खटका पडला की नाही, ते तिला फक्त दिव्यावरून कळायचं.

आमच्या जुन्या पॅनेलवर लाल पेटला म्हणजे मोटरीत करंट आहे, हात लावशील तर जाशील. हिरवा पेटला म्हणजे करंट काढला, खुशाल हात घाल. विजेच्या जुन्या माणसांची तीच रीत होती. माय नव्या बायांना शिकवायची, "लाल म्हंजे देवी जागी हाय. हिरवा म्हंजे झोपली. झोपली असन तवाच हात घालजो वं." माझा जन्म व्हायच्या आधीपासून ती त्या खड्ड्यात होती. तिच्या हाताला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं.

मिल मालकाची होती, पण चालवत होता त्याचा जावई. त्याला सगळे जवाईबापू म्हणत. नागपूरला शिकलेला, केसाला वासाचं तेल, पायात पांढरे बूट. मिलमध्ये पांढरे बूट! कोंड्याची धूळ बसली की खिशातला रुमाल काढून, वाकून, तिथल्या तिथं पुसायचा. आम्ही बाया पदर तोंडावर घेऊन हसायचो. तेव्हा हसू यायचं.

त्या साली दिवाळीच्या सुट्टीत त्यानं जुनं पॅनेल काढून टाकलं आणि नागपूरहून नवं आणून बसवलं. करड्या रंगाचं, चकचकीत. प्रत्येक यंत्रासाठी शेजारी शेजारी दोन दिवे, डावा आणि उजवा. छोटे बल्ब आणि त्यांच्यावर फिरवून बसवायची रंगीत काचेची टोपणं. या पॅनेलवर रीत उलटी होती. चालू म्हणजे हिरवा, बंद म्हणजे लाल. त्यात चूक काही नव्हतं. नव्या यंत्रांवर तशीच पद्धत येऊन राहिली होती, हिरवा म्हणजे सगळं ठीक चाललंय, लाल म्हणजे थांबलंय. तो नंतर म्हणायचा, रेल्वेच्या सिग्नलसारखं. तुमसर रोडच्या रुळाशेजारी राहणाऱ्या कोणालाही विचारा बाप्पा, हिरवा सिग्नल गाडीसाठी असतो, रुळावरच्या माणसासाठी नसतो! पण ते असो. कोणतीही रीत चालली असती. खड्ड्यात उतरणाऱ्या बाईला ती सांगायला पाहिजे होती, बस.

नव्या पॅनेलची पूजा मालकाच्या आईनं केली. त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ चालायच्या, आणि त्यांना मोठा तोरा एकाच गोष्टीचा, डोळ्यांचा. चष्मा नाही, सुईत दोरा स्वतः ओवायच्या, आणि चार बाया जमल्या की ओवून दाखवायच्या. प्रसादासाठी आम्हा पटांगणातल्या बायांनाही आत बोलावलं होतं. मी अगदी पुढे उभी होते.

मोठ्या बाईंनी पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं, पहिल्या लाल टोपणावर लावलं आणि थबकल्या. "अगं, लालावर कुंकू दिसतच नाही. हळद आण." ते पदरानं पुसून घेतलं आणि मग रांगेनं लावत गेल्या. हिरव्यावर कुंकू, लालावर हळद. हात सढळ होता, पाणीही जास्त झालं होतं. प्रत्येक दिव्याखाली करड्या रंगावर ओघळ उतरले, डावीकडे कुंकवाचे, उजवीकडे हळदीचे. खटकेवाला फडकं घेऊन पुढे झाला, तर त्याच्यावर डाफरल्या, "खबरदार! पूजेचं कुंकू पुसत नसतात." मग नारळ फुटला, आम्ही बत्तासे खाल्ले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिल सुरू झाली. मी पटांगणात धान पसरत होते. थोड्या वेळानं मिलचा आवाज एकदम थांबला. भर सकाळी मिल उगाच थांबत नाही. मी धान तुडवत धावले.

काय पाहिलं ते नाही सांगत. धान घेऊन आलेल्या एका ट्रकमधून तिला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. सगळ्या वाटेनं ती एकच बोलत होती, "हिरवा होता वं. म्या पाहूनच हात घातला. हिरवा होता." मीही म्हणत होते, "हाव माय, हिरवाच असन."

काही दिवसांनी चौकशीला सरकारी साहेब आले. माय हाताला पांढरं गाठोडं बांधून माझ्यासोबत मिलमध्ये आली. साहेबांनी विचारलं, "बाई, दिवा कोणता होता?" ती म्हणाली, हिरवा. जवाईबापूनं खटकेवाल्याला मान हलवून खूण केली. मोटर सुरू झाली आणि पॅनेलवर दिवा पेटला. लाल. त्यानं बंद करायला लावली. हिरवा. पुन्हा चालू, पुन्हा लाल.

"आमच्याकडे पहिल्यापासून हीच पद्धत आहे साहेब," तो म्हणाला. "लाल म्हणजे चालू. या बाईनंच किती जणींना शिकवलंय." साहेबांनी मायकडे पाहिलं. तिनं मान हलवली, कारण ते तर खरंच होतं. मग तो मेला असं बोलला की ते शब्द माझ्या कानातून अजून गेले नाहीत. आवाज अगदी मऊ, जसा काही तिचाच मुलगा. "जाऊ द्या साहेब. वय झालं. दिसलं नसेल तिला."

माय त्या दिव्याकडे पाहत राहिली. मग खाली पाहून म्हणाली, "हाव. लालच हाय." मी खटकेवाल्याकडे पाहिलं, तो आपल्या नखांकडे पाहत होता. त्या सकाळी त्याच्या आसपास जे दोघंचौघं कामाला होते, त्यांनीही कानावर हात ठेवले. मी स्वतः नव्या पॅनेलवर पेटलेला दिवा कधी पाहिलेलाच नव्हता. बोलू काय? साहेब गेले, आणि मिलमध्ये ठरून गेलं की म्हातारीनं लाल दिवा जळत असताना हात घातला.

बोटांचं दुःख तिनं सोसलं. हात बरा झाला तशी ती डाव्या हातानं चूल पेटवायला, झाडायला, लुगडं नेसायला शिकली. डोळ्यांचं मात्र भलतंच झालं. डोळ्यांना ती डोरे म्हणायची. "माहे डोरे गेले वं," ती म्हणे, "लाल दिवा मले हिरवा दिसला. अजून काय काय चुकीचं दिसत असन!" तिनं तांदूळ निवडणं सोडलं. आधी सूप मांडीवर घेतलं की ती एक खडा राहू देत नसे. आता सूप माझ्याकडे सरकवायची, "तू पाय. माह्या भरवशावर नको राहू." कासाराकडे गेली तर बांगडी हातात घेऊन मला विचारायची, "हा कोनता रंग?" भर बाजारात. कासार तिच्याकडे पाहायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"माय, तुले चांगलं दिसते!" मी ओरडायची.

"मंग तवा कसं नाई दिसलं?" ती म्हणायची, आणि मी सूप ओढून निवडायला बसायची.

माझी मावशी कोंढ्याला राहायची. तिनं सांगितलं की तिथला एक म्हातारा डोळ्यांचं औषध देतो. गेलो. त्यानं कुठल्याशा पाल्याचा रस काढून मायच्या डोळ्यांत पिळला. ती दिवसभर डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून, "जळून राहिले वं, जळून राहिले," म्हणत पडली होती. चांगल्या डोळ्यांत रस घातला तिनं, चांगल्या! आणि तो तिकडे बूट पुसत होता.

मायच्या जागेवर मी खड्ड्यात गेले. जवाईबापूनं दया म्हणून मला ते काम दिलं, आणि तसं सांगतही फिरला. मी घेतलं. काहून घेतलं म्हणाल, तर पोटासाठी घेतलं, आणि दुसरं म्हणजे ती जागा मला सोडवत नव्हती. रोज त्या झडपेत हात घालायची तेव्हा आतल्या आत त्याला शिव्या घालायची. मुडदा बसवला त्याचा, याच वाट्यांत त्याचा हात जावो, असं म्हणायची. खोटं कशाला बोलू? एखाद्या दिवशी त्याला ढकलून द्यावं असंही मनात यायचं. तरी तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. नुसता संशय होता, आणि संशय तोंडातून काढला असता तर मलाच वेड लागलं म्हणाले असते.

वर्ष फिरलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून ठेवायची असतात. जवाईबापूनं मला सांगितलं, "पॅनेल पुसून घे. उद्या मोठ्या बाई येतील." पॅनेलवर वर्षभराचा कोंडा बसला होता. मी ओलं फडकं घेऊन वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्या जोडीखालची धूळ ओली होऊन निघाली आणि खालून रंग आला. लाल दिव्याखाली कुंकवाचा ओघळ, हिरव्याखाली हळदीचा.

मी फडकं तसंच धरून उभी राहिले. मग दुसऱ्या जोडीखाली बोटानं जरासं घासून पाहिलं, मग तिसऱ्या. सगळीकडे तेच. मोठ्या बाईंचा आवाज माझ्या कानात जसाच्या तसा होता, लालावर कुंकू दिसतच नाही. मग लालाखाली कुंकू आलं कुठून? ओघळ काही चालत जागा बदलत नाही. बदलली होती ती टोपणं. पूजेच्या दिवशी डावीकडे हिरवं होतं, आता डावीकडे लाल. माय भंडाऱ्याला तळमळत पडली होती, तेव्हा इथं कोणीतरी सावकाश उभं राहून एकेक टोपण फिरवून काढलं आणि अदलाबदल करून बसवलं. मोटर चालू असताना पेटतो तो डावा दिवा, म्हणजे मायला हिरवाच दिसला होता.

त्याच पायी जाऊन त्याची कॉलर धरावी असं वाटलं. पण मी स्वतःला आवरलं. एकटीनं बोलले असते तर त्यानं हसून फडकं मागितलं असतं आणि दोन मिनिटांत सगळं पुसून टाकलं असतं. मी बाजूला पडलेला कोरडा कोंडा मुठीत घेऊन उघड्या पडलेल्या ओघळांवर हलकेच चोळला. पॅनेलचा वरचा भाग तेवढा लख्ख पुसला. घरी मायला काही सांगितलं नाही. तिनं वाढलेला भात खाल्ला आणि ताट घासून ठेवलं.

दसऱ्याला सकाळी सगळी मिल जमली. मालक, जवाईबापू, खटकेवाला, हमाल, पटांगणातल्या बाया, बाजारातले दोनचार व्यापारी. मी अंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून पूजेचं ताट धरायला पुढे झाले. खड्ड्यातल्या बाईचा तो मान होता, दरवर्षी माय धरायची. मोठ्या बाई आल्या आणि गेल्या सालासारखंच लावायला लागल्या. हिरव्यावर कुंकू, लालावर हळद.

मी म्हटलं, "मोठ्या बाई, मागच्या साली तुमी लालावर कुंकू लावलं होतं ना?"

"मी?" त्या वळल्या. "काहीतरीच काय! लालावर मी कुंकू लावीनच कशी, दिसतं का ते?"

"मंग हे काय हाय?" मी पदराचं टोक ताटातल्या पाण्यात बुडवलं आणि दिव्यांखालून फिरवलं. एका जोडीखालून, दुसऱ्या जोडीखालून, सगळ्या रांगेखालून. लालाखाली कुंकवाचे ओघळ, हिरव्याखाली हळदीचे. बाया पुढे सरकल्या. मोठ्या बाई वाकून पाहायला लागल्या.

जवाईबापूच्या ध्यानात सगळ्यांत आधी आलं. "आजी, मुहूर्त टळतोय," तो म्हणाला, "पूजा उरकून घ्या. ए, ताट नीट धर."

मी ताट नीट धरलं. मग आवाज अगदी मऊ केला, वर्षभर कानात साठवलेला तो त्याचाच आवाज काढला आणि म्हटलं, "जाऊ द्या मोठ्या बाई. वय झालं. दिसलं नसन तुमाले."

मोठ्या बाईंचा चेहरा कुंकवापेक्षा लाल झाला. "काय म्हणालीस? मला दिसत नाही? अगं, अजून सुई ओवते मी! तू काल जन्मलेली पोट्टी, मला चार लोकांत आंधळी म्हणतेस?"

"मी कायले म्हनू? ओघळ म्हनून राहिला. तुमी लालावर कुंकू लावलं, असं तो म्हनते."

"मी हिरव्यावरच लावलं होतं!"

"तुमी हिरव्यावर लावलं असन, तं मंग टोपनंच फिरली असन," मी म्हटलं. ताट बाजूच्या बाईच्या हातात दिलं, एलिवेटरची दोन्ही टोपणं फिरवून काढली आणि अदलाबदल करून बसवली. आता हिरव्याखाली कुंकू, लालाखाली हळद, जसं त्यांच्या हातानं झालं होतं तसंच. "आता पाहा. आता तुमचे डोरे बराबर हायत की नाई?"

त्यांनी पाहिलं. मग मालकाकडे पाहिलं, जवाईबापूकडे पाहिलं आणि शेवटी खटकेवाल्यावर नजर रोखली. "कोणी फिरवली?" खटकेवाला वर्षभर नखं पाहत बसला होता, पण मोठ्या बाईंपुढे त्याला तेही जमेना. "जवाईबापूंनी, बाई," तो म्हणाला. "म्हातारीले दवाखान्यात नेलं, त्याच दिवशी दुपारी. मले म्हनले, तोंड उघडशील तं काम जाईल." भला माणूस म्हणून नाही बोलला तो, समोरची भीती मोठी झाली म्हणून बोलला. मी त्यालाही माफ केलं नाही.

जवाईबापू म्हणाला, "मी मिलसाठी केलं. मिलला टाळं लागलं असतं. या सगळ्यांच्या चुली बंद झाल्या असत्या." आणि सांगायची लाज वाटते, पण दोनतीन बायांनी माना डोलावल्या. चुली सगळ्यांनाच होत्या. मालक घसा खाकरून मला बाजूला घ्यायला लागला, तुझ्या आईला परत कामावर घेऊ, हलकं काम देऊ, घरातली गोष्ट घरात राहू दे. मी हललेच नाही.

"काम नाई पायजे," मी म्हटलं. "यानं माह्या घरी यावं आन् मायसमोर सांगावं, तुले हिरवाच दिसला होता. मोहल्ल्यासमोर सांगावं."

जावई म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. सासरी आला की त्याचे पाय धुतात. त्यानं खड्ड्यातल्या बाईच्या दारात जाऊन चूक सांगायची? मालक उसळला, "हे व्हायचं नाही." पण मोठ्या बाईंनी हात वर केला. त्यांना मायचं काही पडलं होतं असं मी म्हणत नाही. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "तुमच्या या कारभारापायी मला आज चार लोकांत आंधळी म्हणवून घ्यावं लागलं," त्या जावयाला म्हणाल्या. "जा. सांगून या. आजच जा." आपल्या डोळ्यांवर बोट आलं म्हणून त्यांनी त्याला धाडला. मला चाललं. मला त्याचे पाय आमच्या दाराशी पाहिजे होते, ते कोणाच्या रागानं येतात त्याच्याशी मला काय करायचं होतं?

दुपारी आला तो. दसऱ्याला लोक सोनं द्यायला घरोघरी फिरतात, तसा आपट्याची पानं हातात घेऊन आला, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं, सणाचा आलाय. सोबत मालक होता, मागे खटकेवाला. मी मोहल्ल्यात आधीच सांगून ठेवलं होतं. दारासमोर बाया, माणसं सगळी उभी होती. माय वट्ट्यावर बसली होती. तिला मी फक्त एवढंच म्हटलं होतं, "जवाईबापू येऊन राहिला, तुले काही सांगायचं हाय त्याले." मला भीती वाटत होती ती मायचीच. गरीब स्वभावाची बाई. तो समोर दिसला की उठेल, पदर सारखा करेल, बसा म्हणेल.

ती उठली नाही. त्यानं पानं पुढे केली. तिनं हात पुढे केला नाही.

"आधी सांग," ती म्हणाली. मालकाच्या जावयाला अरे-तुरे! मालकाच्या भुवया चढल्या.

तो खाली पाहत पुटपुटला, "त्या दिवशी दिवा हिरवा होता. टोपणं मी नंतर बदलली."

मायचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. आधी ती माझ्याकडे पाहत राहिली, मी मान हलवली. मला वाटलं, आता रडते. रडली नाही.

"आयकू नाई आलं," ती म्हणाली. "मले दिसत नाई, आता आयकूही येत नाई. वय झालं ना. जोऱ्यानं बोल."

तो बोलला. "अजून जोऱ्यानं. थे तिकडे कवाडात उभी हाय, तिच्यापावतर गेलं पायजे." तो पुन्हा बोलला. "मले कोनता दिसला होता?" हिरवा. "कोनता?" हिरवा. "म्या पाहून हात घातला होता का न पाहता?" पाहून. घामानं त्याचं तेल कपाळावर उतरलं होतं, हातातली पानं चुरगळली होती. मालक म्हणाला, "पुरे झालं आता." ती त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. तिनं आणखी विचारलं, आणि त्याला आणखी सांगावं लागलं. माझी माय इतकी वाईट वागू शकते हे मला ठाऊक नव्हतं. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मग तिनं माझ्याकडे पाहून म्हटलं, "सूप आन वं."

मी आतून तांदळाचं सूप आणलं. तिनं ते मांडीवर घेतलं, उजव्या हाताच्या राहिलेल्या बोटांनी कड धरली आणि डाव्या हातानं तांदूळ पसरायला लागली. तो उभाच होता. त्याला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सगळा मोहल्ला एका बाईचं तांदूळ निवडणं पाहत होता. थोड्या वेळानं तिचं बोट थांबलं. तिनं एक खडा चिमटीत धरून उजेडासमोर नेला, नीट पाहिला आणि टिचकी मारून उडवला. तो जाऊन त्याच्या बुटावर पडला.

"पांढरा हाय," माय म्हणाली. "पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा. दिसला मले."